बाटलीवर ‘कॉन्ट्रास्ट’ लिहिलंय म्हणून मिनीवर तो येतोच असं नाही

आधी सांगून टाकतो, हा रिव्ह्यू मिनी, म्हणजे टेबलावरच्या खेळातले छोटे पुतळे, रंगवायच्या रंगांच्या एका सेटचा आहे. सहा बाटल्या, प्रत्येकी १८ मिली, तो ‘एकच हात मारा, शेड आणि हायलाइट आपोआप’ वाला प्रकार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझं जे जे बिघडलं त्यात अर्धी चूक माझी आणि पाव चूक मुंबईच्या हवेची आहे, उगाच कंपनीच्या नावाने बोंब कशाला, आणि तसंही आता हा प्रकार बऱ्याच कंपन्या बनवतात आणि वापरायची रीत सगळ्यांची जवळपास तीच. सेट पडला ३,२०० रुपयांना. घरी विचारलं तेव्हा मी ‘बाराशे’ सांगितलंय, तेवढं सांभाळून घ्या.

पार्श्वभूमी थोडक्यात. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, एक शनिवार आड माटुंग्याला एका मित्राकडे डी अँड डी, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गोष्ट रचत खेळायचा खेळ, खेळतो, आणि गेम चालवायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं आहे. म्हणजे सगळे राक्षस, भुतं, गॉब्लिन माझ्याकडून. गेलं वर्षभर मी थ्रीडी प्रिंट केलेल्या रेझिनच्या मिनी तशाच न रंगवता टेबलावर ठेवायचो, नुसती राखाडी फौज, आणि दर वेळी कोणीतरी विचारणार, ‘अरे ह्यातला सरदार कुठला?’ मी बोट दाखवणार आणि पाच मिनिटांनी परत तेच. शेवटी वैतागून ठरवलं की रंगवायच्या. एप्रिलमध्ये सेट मागवला, पावसाळाभर वापरला, आता गणपती होऊन गेल्यावर लिहायला बसलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे रंग नेमके काय आहेत. वॉरहॅमर हा मिनींच्या लढाईचा खेळ बनवणारी गेम्स वर्कशॉप कंपनी तिच्या सिटाडेल ब्रँडमध्ये २०१९ साली ‘कॉन्ट्रास्ट’ नावाची रेंज घेऊन आली आणि तिथून हा शब्दच सगळ्या हॉबीत रुळला. त्याआधी लोक काय करायचे, तर आधी बेस रंग, मग त्यावर पातळ काळपट वॉश, मग उंचवट्यांवर परत उजळ रंग, एका मिनीला तीन-तीन बैठका. हे नवे रंग म्हणजे अर्धपारदर्शक, भरपूर मीडियम, म्हणजे रंग पातळ करणारं पारदर्शक द्रव, घातलेले, त्यामुळे ब्रशने सोडले की घडीत, खाचेत जाऊन साचतात आणि उंचवट्यावरून ओघळून पातळ होतात. साचला तिथे गडद, पातळ झाला तिथे खालचा प्रायमर, म्हणजे रंगाआधी मारलेला पहिला थर, दिसतो म्हणून उजळ. बस, जादू एवढीच. म्हणून खाली प्रायमर फिकट लागतो, आणि त्यातही कुठला फिकट ह्याने फरक पडतो. सिटाडेलने त्या रंगांबरोबरच दोन स्प्रे काढले होते, रेथबोन म्हणजे हाडासारखा पिवळसर आणि ग्रे सीअर म्हणजे थंड राखाडी, ते उगाच नाही. पिवळसरावर लाल, तपकिरी, कातडी हे रंग ऊबदार बसतात, राखाडीवर निळे-जांभळे थंड पडतात. आणि पाणी घालून पातळ करू नका हो, मी पहिल्याच दिवशी केलं, सवयच आहे ना वॉटरकलरची. त्याने रंग खाचेत नीट जात नाही, मध्येच फाटतो आणि सुकल्यावर चहाच्या कपाखाली पडतं तसं वर्तुळ उमटतं. त्यांचंच मीडियम मिळतं, ते घालायचं.

पहिली परीक्षा, दहा गॉब्लिन. शनिवारी दुपारी जेवून बसलो, रात्रीच्या जेवणाआधी दहाच्या दहा उभे. खोटं नाही बोलत. हिरवा रंग कानावर सोडला आणि अक्षरशः डोळ्यांसमोर तो कानाच्या कडेवरून घसरला आणि आतल्या खळीत जाऊन बसला, कानाची पाळी पोपटी आणि आतला भाग शेवाळी, आणि ह्यात माझं कर्तृत्व शून्य. गालाखाली थेंब जास्त साचला तर ओलसर ब्रश टेकवायचा, टीपकागद शाई पितो तसं तो पितो, काम झालं. पण हे लगेच करायचं. दोन मिनिटं थांबलात आणि मग सुधारायला गेलात तर अर्धवट सुकलेला रंग ओरबाडला जातो आणि खालचा पांढरा दिसायला लागतो, मग तो डाग काही केल्या जात नाही. चामड्याचे पट्टे, लाकडी दांडे, केसाळ कातडी ह्यांवर तर हा प्रकार म्हणजे झक्कास, कारण तिथे मुळात खाचाच खाचा आहेत. सपाट ढालीवर मात्र ढगाळ, चट्ट्यापट्ट्याचं काहीतरी होतं, तिथे साधा अॅक्रिलिकच बरा.

तर गर्दीची प्यादी रंगवायला दहापैकी नऊ. इथे थांबलो असतो तर हा रिव्ह्यू चार ओळींचा झाला असता.

मग आला नेक्रोमॅन्सर. म्हणजे मढी उठवणारा मांत्रिक, आमच्या गेमचा मुख्य व्हिलन, सहा महिने ज्याची हवा केलेली तो. झकास मिनी होती, लांब झगा, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात पोथी, कंबरेला कवट्या. मी म्हटलं ह्याला राजेशाही करायचं. झगा जांभळा, झग्याचं अस्तर गडद हिरवं, पट्टे तपकिरी, पोथी गडद लाल. तीन संध्याकाळी बसलो, ऑफिसातून येऊन, जेवण झाल्यावर, एक पट्टा चुकवला नाही की एक कवटी सोडली नाही. हातात धरून बघितला तेव्हा मला तो खरंच सुंदर वाटला होता, कसम से.

टेबलावर ठेवला आणि पचका. दोन फुटांवरून नुसतं एक वाळलेलं जांभूळ. माझा सातवीतला पुतण्या शेजारी होता, तो म्हणाला, ‘काका, हा पाठमोरा आहे का?’ समोरून बघत होता तो.

डोक्याला शॉट. सगळे रंग वेगळे, मग दिसत का नाही? ऑफिसात एक जण जेजे स्कूल ऑफ आर्टचा आहे, अप्लाइड आर्टवाला, त्याला लंचमध्ये फोटो दाखवला. तो काही बोललाच नाही, माझाच फोन घेतला, फोटो एडिटमध्ये जाऊन ब्लॅक अँड व्हाइट केला आणि परत दिला. बस. झगा, अस्तर, पट्टे, पोथी, चारही एकाच राखाडी रंगाचे. एक कवटी तेवढी जरा उजळ. म्हणजे मी चार बाटल्या वापरल्या आणि डोळ्याच्या हिशेबाने एकच रंग लावला होता. जांभळा, गडद लाल, गडद हिरवा, हे नावाने वेगळे आहेत पण उजेड-अंधाराच्या मापात एकाच पायरीवर बसतात, आणि लांबून डोळा आधी ती पायरी बघतो, रंगाचं नाव नंतर वाचतो. हे त्याने पोळीभाजी खाता खाता सांगितलं, आणि मी इतके दिवस त्या बाटलीवरच्या शब्दावर विसंबून बसलेलो. बाटली खाचेत आणि उंचवट्यात फरक पाडते, ते तिचं काम ती चोख करते, पण झगा आणि पोथी ह्यांच्यात फरक कोणी पाडायचा? ते बाटलीच्या कामात बसत नाही ना, ते रंगवणाऱ्याने आधी ठरवायला लागतं.

हा फोटोवाला उपाय फुकट आहे, रंग घ्यायच्या आधी करून बघा. आता मी रंगवता रंगवता मध्येच चार वेळा करतो.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या, ह्या मिनी केवढ्या असतात. २८ मिलिमीटर, म्हणजे पायापासून डोळ्यापर्यंत जेमतेम इंचभर. तोंड भिजवलेल्या साबुदाण्याएवढं, डोळा खसखशीएवढा. इतक्या छोट्या वस्तूवर खऱ्या उजेडाची सावली पडते तीसुद्धा इतकी छोटी असते की ती दिसतच नाही, म्हणून सावली रंगवून दाखवावी लागते, आणि खरी असते त्यापेक्षा जरा जास्तच दाखवावी लागते. नाटकातल्या मेकअपसारखं आहे, जवळून बघाल तर भडक, पण शिवाजी मंदिरच्या शेवटच्या रांगेतून बघाल तर तेवढंच लागतं.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका सीझनला लालबागला गणपतीच्या कारखान्यात आखणीला जातात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, ते काम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हात बसलेल्या माणसाकडे. त्यांना मी नेक्रोमॅन्सर दाखवला, जरा कौतुकाच्या अपेक्षेनेच. त्यांनी चष्मा वर केला, मिनी लांब धरली, डोळे बारीक केले, आणि म्हणाले, ‘सगळीकडेच एवढं काम केलंयस तर बघायचं कुठे?’ मग मोबाइलवर बातम्या बघायला लागले. मला राग आला होता, खरं सांगतो, पण घरी येऊन बघितलं तर खरंच, कवटीला जेवढी मेहनत तेवढीच बुटाच्या बंदाला.

तर मग मी तीच फाइल परत प्रिंट करून घेतली आणि दुसऱ्यांदा बसलो. ह्या वेळी बाटल्या तशाच, सेट तोच, फक्त खालची तयारी बदलली. सगळी मिनी आधी काळी केली. मग राखाडी रंग घेऊन ब्रश जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिश्यूवर पुसला आणि वरून वरून फिरवला, म्हणजे फक्त उंचवटे राखाडी. मग पांढरा, तोही तसाच कोरडा, पण फक्त वरच्या बाजूने, जणू डोक्यावर ट्यूबलाइट आहे. ह्याला नेटवर ‘स्लॅपचॉप’ म्हणतात, नाव काहीही असलं तरी काम एक नंबर. ड्रायब्रशसाठी, म्हणजे ह्या कोरड्या ब्रशच्या कामासाठी, महागडे ब्रश विकतात लोक, मी दादरला फुटपाथवरून साठ रुपयांचा गोल मऊ मेकअपचा ब्रश घेतला, तीन महिने झाले, एक केस गळला नाही. आता ह्या काळ्या-पांढऱ्या पुतळ्यावर तेच अर्धपारदर्शक रंग चढवले की खालचा उजेड-अंधार वर दिसतो. खांदे आणि हुड उजळ, झग्याचा घेर खाली जाता जाता अंधारात. एक तोटा आहे, रंग जरा मळकट येतात, गॉब्लिन पांढऱ्यावर जेवढा पोपटी झळकला तेवढा इथे नाही झळकणार. पण मढी उठवणाऱ्याला कशाला पाहिजे झळकायला.

मग रंगांची वाटणी. जेजेवाल्याने सांगितलेलं एक नाव डोक्यात बसलं, योहानेस इट्टेन, जर्मनीतल्या बाउहाउस कलाशाळेत शिकवायचा, त्याने कॉन्ट्रास्टचे सात प्रकार मांडले. रंगछटेचा, उजेड-अंधाराचा, ऊबदार-थंडचा, विरुद्ध रंगांचा, एकमेकांशेजारी ठेवल्यावर डोळा जो फरक स्वतःच करून घेतो त्याचा, चटक-मळक्याचा, आणि कमी-जास्त जागेचा. सातही एका इंचात कोंबायला गेलात तर परत तेच वाळलेलं जांभूळ होणार. मी तीन घेतले. झगा जांभळा पण मळका आणि थंड, मोठी जागा. चेहरा आणि हात फिकट, जवळजवळ हाडाच्या रंगाचे, म्हणजे उजेड-अंधाराचा सगळ्यात मोठा धक्का तोंडाशी. आणि एकच चटक रंग, पिवळट हिरवा, तो फक्त कंदिलात. पोथी ह्या वेळी लाल केलीच नाही, जुन्या कागदाच्या रंगाची ठेवली. काकांचं ऐकलं म्हणा की बुटाच्या बंदांना एक काळा हात मारून सोडून दिलं.

कंदिलाचं जरा सविस्तर सांगतो कारण माझा सगळ्यात जास्त वेळ त्यात गेला आणि मजाही तिथेच आली. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर, जेजेचेच, त्यांचं ते हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र तुम्ही कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरवर बघितलंच असेल. ‘ग्लो ऑफ होप’ म्हणतात त्याला, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, जलरंगातलं, आणि मॉडेल त्यांची स्वतःची मुलगी. मी ते चित्र फोनवर उघडून समोर ठेवलं. त्यात दिवा दिसतो कशामुळे, तर बाकी सगळं अंधारात ठेवलंय म्हणून. ज्योतीच्या आड धरलेल्या हाताची बोटं पेटल्यासारखी लाल, चेहऱ्यावर खालून उजेड, आणि पाठीमागे काहीच नाही. मी आधी काय करत होतो, तर कंदिलाभोवती हिरवा रंग फासत सुटलो होतो, झग्यावर, जमिनीवर, पाठीमागेसुद्धा, म्हणजे कंदील पेटलाय असं न वाटता कोणीतरी चटणी सांडल्यासारखं. नियम साधा आहे की जी बाजू दिव्याकडे तोंड करून आहे तिथेच उजेड पडणार, आणि कंदिलाची काच स्वतः सगळ्यात उजळ असली पाहिजे, जवळजवळ पांढरी, मग जसजसं लांब जाल तसतसा हिरवा कमी. हनुवटीच्या खालून, नाकाच्या खालच्या बाजूला, बोटांच्या आतल्या कडेला आणि झग्याच्या दोनच घड्यांवर. ह्या कामाला सेटमधला पिवळा आणि हिरवा मीडियम घालून अगदी पातळ केले, त्यांची पारदर्शकता इथे खरी कामाला आली. आधी तिथे पांढऱ्याचे बारीक ठिपके मारून घेतले आणि वर हा हिरवट थर. सुकल्यावर पुतण्याला बोलावलं, लाइट बंद करून बघ म्हणालो. तो म्हणाला, ‘पण लाइट बंद केल्यावर चमकत नाहीये.’ जाऊ दे.

आता झगा. मोठा सपाट झगा म्हणजे कितीही शेड द्या, मध्ये रिकामा दिसतो. तिथे लोक नक्षी काढतात, मला नक्षी जमत नाही, हात थरथरतो. मग विचार केला की आईच्या नऊवारीत नजर कुठे जाते, तर काठाला. अंगाचा रंग आणि काठाचा रंग एकमेकांच्या विरोधात असतो म्हणूनच तर ती साडी लांबून ओळखू येते. झग्याच्या खालच्या कडेला हाडाच्या रंगाची एक रेघ आणि त्यावर ठिपके, बस, ठिपके काढायला टाचणी वापरली, ब्रश नाहीच. काही ठिपके वाकडे गेलेत, दोन एकमेकांना चिकटलेत. एवढ्याने तो घेर कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते हे एकदम स्वच्छ दिसायला लागलं. आणि पोत, म्हणजे टेक्स्चर, त्याचाही फरक पडतो. झगा गुळगुळीत ठेवला तर शेजारची कातडी ओरखडे मारून खडबडीत करायची, कंदिलाच्या कडीवर एकच चमकदार ठिपका. दोन्ही गुळगुळीत झाले की प्लॅस्टिक वाटतं.

बेस, म्हणजे मिनीच्या पायाखालची चकती, विसरू नका. मी पहिल्या वेळी जांभळ्या झग्याखाली काळपट बेस केला होता, म्हणजे पाय गायब. ह्या वेळी वाळलेली माती, ऊबदार, फिकट. माती म्हणजे चहापत्ती. उकळून झालेली चहाची पावडर, चार दिवस वर्तमानपत्रावर कडक वाळवून, फेव्हिकॉलवर भुरभुरायची, पाचोळाच पाचोळा. वाळू पाहिजे असेल तर चौपाटीची आणू नका, किंवा आणलीत तर दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, मिठाची वाळू आहे ती.

मुंबईचा भाग आता. जुलैमध्ये मी गॅलरीत उभं राहून स्प्रे प्रायमर मारला, पाऊस थांबला होता, ऊनसुद्धा होतं थोडं, म्हटलं चालेल. नाही चालत. हवेतल्या दमटपणाने स्प्रे मिनीपर्यंत पोचेपोचेपर्यंत त्याची भुकटी होते, सुकल्यावर सगळ्या मिनीला रव्यासारखा खरखरीत थर. असल्या खरखरीत जमिनीवर हे अर्धपारदर्शक रंग म्हणजे नुसती वाट, प्रत्येक कणाभोवती गडद ठिपका, चार स्केलेटन, म्हणजे सांगाडे, देवीचा आजार झाल्यासारखे दिसत होते. मॅट वार्निशचा, म्हणजे रंग टिकवायला वरून मारायच्या बिनचमकीच्या थराचा, स्प्रेसुद्धा पावसाळ्यात दुधाळ पडतो, सगळ्या काळ्यावर पांढरं धुकं. जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचा प्रायमर आणि ब्रशने लावायचं वार्निश, एवढं डोक्यात लिहून ठेवा. आणि वार्निश टाळू नका, हे रंग हाताळून हाताळून नाकावरून, तलवारीच्या टोकावरून घासले जातात. काही जुन्या फॉर्म्युल्यांत तर वर ओला ब्रश फिरवला की खालचा सुकलेला थर परत सुटायचा, म्हणून दुसरा रंग लावायच्या आधी एखादी मिनी वाया घालवून बघा, माझ्या सेटमध्ये लाल थोडा सुटला, बाकी ठीक.

ओली पॅलेट, म्हणजे डब्यात ओला स्पंज आणि वर बटर पेपर, ह्या हवेत चौथ्या दिवशी वास मारायला लागते. स्पंजाखाली तांब्याचं नाणं किंवा तांब्याचा तुकडा ठेवतात, बुरशी कमी धरते. मी देवघरातली जुनी तांब्याची पळी ठेवली होती, ती आईला सापडली, पुढचं लिहीत नाही.

दिवा मात्र चांगला घ्या. लोहार चाळीतून ६,५०० केल्व्हिनचे, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखे पांढरे, दोन एलईडी बल्ब आणि दोन साधे टेबल लॅम्प आणले, दोन अशासाठी की एकात स्वतःच्याच हाताची सावली मिनीवर पडते आणि तुम्ही त्या सावलीला शेड समजून बसता. पिवळ्या बल्बखाली रंगवलंत तर सकाळी उठून बघाल तेव्हा पिवळा आणि पांढरा ह्यांत फरकच केलेला नसतो.

बाटल्यांचं एकेक. तपकिरी सगळ्यात जास्त वापरला, लाकूड, चामडं, फर, उंदीर, काहीही द्या, डोळे झाकून घ्या. पिवळा दुसरा, साधा पिवळा अॅक्रिलिक चार-चार हात मारले तरी झाकत नाही हे ज्यांनी भोगलंय त्यांना ह्याची किंमत कळेल, इथे एका हातात काम. हिरवा मस्त. काळा फक्त केसांना आणि कावळ्यांना, पूर्ण चिलखताला लावलात तर परत सगळं सपाट. लाल बरा, वर सांगितलं तसा सुटतो जरा. जांभळा दिसायला राजेशाही पण इतका गडद की जवळजवळ अर्धं मीडियम घातल्याशिवाय त्यात घड्या दिसतच नाहीत, माझ्या पहिल्या नेक्रोमॅन्सरचं निम्मं पाप ह्याचं.

झाकणं चांगली आहेत, ड्रॉपर आहे म्हणून वाया जात नाही, पण हलवायला लागतं, नीट एक मिनिट हलवायला लागतं, नाहीतर वर नुसतं मीडियम येतं. लोकलमध्ये बॅगेत ठेवून बोरिवली ते चर्चगेट नेल्या तरी आपोआप हलत नाहीत, करून बघितलंय.

घ्यावा का? ज्याला टेबलावर वीस-तीस प्यादी पटापट उभी करायचीत त्याने नक्की. ज्याला एकच हिरो सजवायचाय त्याने सहाच्या सेटऐवजी तपकिरी आणि पिवळा सुटे घ्यावेत, उरलेल्या पैशात एक चांगला काळा आणि एक चांगला पांढरा साधा अॅक्रिलिक, आणि तो साठ रुपयांचा मेकअपचा ब्रश.

दुसरा नेक्रोमॅन्सर गेल्या शनिवारी माटुंग्याला टेबलावर आला. मी त्याला कोपऱ्यात ठेवला, बारा स्केलेटनच्या मागे, काही न बोलता. मित्राने बॅटरी लावून बघितलं नाही, वाकून बघितलं नाही, बसल्या जागेवरून म्हणाला, ‘अरे, तो कंदीलवाला कोण आहे? त्याला आधी मारूया.’ दुसऱ्याच राउंडला मारला. सहा महिन्यांची हवा, तीन संध्याकाळी अधिक चार संध्याकाळी, आणि दुसऱ्या राउंडला मेला.

तर पिवळी बाटली आता तळाला आलीये आणि जांभळी जवळजवळ भरलेली आहे. कोणाला बदलून पाहिजे असेल तर कळवा, शनिवारी संध्याकाळी मी दादरला उतरतोच, पुलावर इंडिकेटरखाली भेटू.